कॉपी झाली, पण ती उघडते का?

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर आणि धंदा

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयाचा निघाला, आणि त्यातली बहुतेक इंदूरचीच. सॉफ्टवेअरवाल्यांच्या पार्टनर मीट चाललेल्या दिसतायत, हॉटेलात जेवण, हातात एक बॅग, स्क्रीनवर 'रेप्लिकेशन ॲज अ सर्व्हिस' (गिऱ्हाइकाच्या डेटाची दुसरी चालू कॉपी सतत तयार ठेवायची सेवा), आणि बाहेर पडताना प्रत्येकाला वाटतं हे तर आपणही विकू शकतो. विकू शकताच, फक्त नेमकं काय विकताय ते आधी ठरवा. काही प्रश्न निवडून घेतलेत, ज्यांचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात आलंय त्यांनी रागावू नका.

प्रश्न : राजेंद्रनगरला माझं कॉम्प्युटर मेन्टेनन्सचं छोटं काम आहे. सियागंजचे व्यापारी आणि सांवेर रोडचे काही कारखाने एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) आहेत. बॅकअप आम्ही आधीपासून घेतोच, रोज संध्याकाळी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. आता एक डिस्ट्रिब्युटर मागे लागलाय की रेप्लिकेशनचे पार्टनर व्हा, दर महिन्याला उत्पन्न येईल. बॅकअप असताना गिऱ्हाईक परत पैसे का देईल?

उत्तर : भाऊ, हे खरं तर त्या डिस्ट्रिब्युटरलाच विचारायचं, पण बरं झालं इथे विचारलंत. तुमचा बॅकअप संध्याकाळी सातला होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला डिस्क गेली तर सकाळपासूनची बिलं, ई-वे बिलं, कोणाला किती उधार गेलं, सगळं गेलं, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सियागंजमध्ये एका दिवसात किती माल हलतो ते तुम्हाला मी काय सांगू. मुनीमजी कागदावरून परत चढवतात, त्यात दोन दिवस जातात, आणि चार पार्ट्या अशा निघतातच की ज्या म्हणतात आमचं तर एवढंच होतं. रेप्लिकेशनमध्ये मुख्य सर्व्हरवर झालेला बदल काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवर जातो, म्हणजे चारला डिस्क गेली तरी चारला पाच मिनिटं कमी असेपर्यंतचं हातात असतं. किती वेळाचा डेटा गेला तर चालेल त्याला आरपीओ म्हणतात आणि किती वेळात काम परत सुरू झालं पाहिजे त्याला आरटीओ. गाड्यांच्या आरटीओशी याचा काही संबंध नाही, हे मी मुद्दाम लिहितोय कारण एका सेठजींनी मला खरंच विचारलं होतं. या दोन आकड्यांवरच सगळा सौदा उभा असतो, गिऱ्हाइकाकडून ते दोन आकडे लिहून घेतल्याशिवाय कोटेशन देऊच नका.

आता दुसरी बाजू, जी पार्टनर मीटमध्ये जरा घाईत सांगतात. रेप्लिकेशन आलं म्हणून बॅकअप बंद करायचा नाही. कोणी चुकून लेजर डिलीट केलं तर ते डिलीट होणंही तितक्याच तत्परतेनं पलीकडे जातं, रॅन्समवेअरनं फायली लॉक केल्या तर लॉक झालेल्या फायलीही जातात. म्हणून एक तर रोजचा बॅकअप चालूच ठेवायचा, आणि त्यातली एक कॉपी अशा जागी की जिथून ती ठराविक दिवस कोणालाच पुसता येणार नाही, तुम्हालाही नाही. नाहीतर दुसरी कॉपी मुद्दाम चार तास मागे चालवायची, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तशी सोय ५.६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या लॉग शिपिंगमध्येही (बदलांची नोंद थोड्या थोड्या वेळानं दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन चढवायची पद्धत) रिस्टोअर उशिरा करता येतं. मी तर दोन्ही करा म्हणेन.

गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं, प्रकरण तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर थोडक्यात सांगतो. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांची दुसरी कॉपी मागे पडली होती, ती नीट करायला बसलेल्या इंजिनिअरला दुसऱ्या सर्व्हरवरची फोल्डर पुसायची होती आणि कमांड गेली मुख्य सर्व्हरवर, सुमारे ३०० जीबी उडाले. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण कॉपी) चुकीच्या व्हर्जनच्या टूलमुळे तयारच होत नव्हता, आणि तो फेल झाल्याच्या ईमेल कोणापर्यंत पोचतच नव्हत्या. नशिबानं सहा तासांपूर्वी कोणीतरी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची कॉपी) सापडला, त्यावरून सगळं उभं केलं आणि मधले सहा तास गेले ते गेलेच. एवढी मोठी टेक्निकल कंपनी, बॅकअपचे एकाहून जास्त मार्ग, पण ते उघडून कोणी बघितलं नव्हतं.

तर गिऱ्हाईक पैसे कशाचे देईल? कॉपी करणारं सॉफ्टवेअर कोणीही विकेल. कॉपी आत्ता किती मिनिटं मागे आहे हे रोज बघणारा माणूस आणि दर तीन महिन्यांनी ती समोर बसून उघडून दाखवणारा माणूस, त्याचे पैसे मिळतात. आणि यात बाहेरच्या मोठ्या कंपनीपेक्षा तुमची बाजू भक्कम आहे. कोणाचा सर्व्हर जिन्याखाली पाण्याच्या मोटारीशेजारी ठेवलाय, कोणाकडे यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलीये, पासवर्ड कोणत्या कॅलेंडरवर लिहिलाय, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. अडचण एवढीच की सेठजी म्हणणार 'पेन ड्राइव में ले तो लिया ना', आणि त्यावर बोलून उपयोग नसतो. त्यांच्याच बॅकअपची डिस्क घ्या, एका रिकाम्या मशीनवर त्यांच्यासमोर रिस्टोअर करा, आणि किती वेळ लागतो आणि कोणत्या तारखेपर्यंतचं निघतं ते त्यांनाच बघू द्या. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा राजवाड्याकडचा सगळा बाजार बंद असतो, दुपारनंतर जेव्हा माणसं अंघोळ करून बसलेली असतात तेव्हा हे काम निवांत होतं.

प्रश्न : मी विजयनगरला राहते, नोकरीत बरीच वर्षं एसक्यूएल सर्व्हर सांभाळला, आता स्वतःचं कन्सल्टिंग सुरू करतेय. पहिला क्लायंट पिथमपूरचा औषधांचा कारखाना आहे, ईआरपी (माल, हिशेब, बिलिंग सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड एडिशनवर. मालकांना एक कॉपी बाहेर हवी आणि डॅशबोर्डही हवा, कारण आत्ता मोठा रिपोर्ट काढला की बिलिंग अडकतं. एकाच रेप्लिकेशनमध्ये दोन्ही होईल का?

उत्तर : ताई, होईल म्हणून सांगणारे भेटतील, पण तुम्ही दोन वेगळी कामं म्हणून दोन वेगळी कोटेशन द्या. संकटात उभी राहणारी कॉपी हुबेहूब हवी, सगळी टेबलं, सगळे युजर, सगळे जॉब. रिपोर्टसाठी तसं काही लागत नाही, मोजकी वीस-तीस टेबलं पुरतात, त्यावर वेगळे इंडेक्स हवेत, आणि ती पाच मिनिटं मागे असली तर कोणाचं काही बिघडत नाही. दोन्ही एकाच जागी कोंबलं की दोन्ही अर्धवट होतात.

तुम्हाला माहीत असेलच, पण बाकी वाचकांसाठी जरा मागून सांगतो. जुन्या पेढीवर मुनीम व्यवहार आधी रोजमेळात उतरवायचा आणि मग तिथून खातेवहीत. डेटाबेसही तसंच करतो, प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो. मायएसक्यूएलमध्ये त्याला बिनलॉग म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये वॉल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग. चेंज डेटा कॅप्चर, म्हणजे सगळे सीडीसी म्हणतात ते, खातेवही उलगडत बसत नाही, नुसता रोजमेळ वाचतं आणि नवीन ओळ दिसली की पलीकडे पाठवतं. म्हणून ईआरपीवर त्याचा भार कमी पडतो. याउलट दर पाच मिनिटांनी 'शेवटची तारीख याच्यानंतरचं सगळं दे' असं टेबलालाच विचारणारी जी जुगाडू पद्धत आहे तिच्यात डिलीट झालेली ओळ कधी सापडतच नाही, आणि डॅशबोर्डवर रद्द झालेली बिलं वर्षभर जिवंत राहतात.

आता तुमच्या स्टँडर्ड एडिशनचं. बाहेरच्या कॉपीसाठी मी साधं लॉग शिपिंग लावीन, जुनं आहे, दिसायला गरीब आहे, पण बिघडलं तर कुठे बिघडलं ते समजतं. डेटाबेस फुल रिकव्हरीवर (लॉग पूर्ण ठेवणाऱ्या सेटिंगवर) आहे ना ते आधी बघा. दुसरी कॉपी स्टँडबाय मोडमध्ये वाचता येते हे खरं, पण प्रत्येक रिस्टोअरला वाचणाऱ्याला बाहेर काढावं लागतं नाहीतर रिस्टोअर थांबतं, म्हणून डॅशबोर्डसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका. बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुप, म्हणजे मुख्य सर्व्हर पडला की काम उचलणारी दोन सर्व्हरची जोडी, २०१६ पासून स्टँडर्डमध्ये मिळतो, पण एका ग्रुपमध्ये एकच डेटाबेस आणि दुसरी कॉपी वाचता येत नाही. क्लायंटचा ईआरपी तीन-चार डेटाबेसमध्ये पसरलेला असेल तर प्रत्येकाचा ग्रुप वेगळा, आणि ते सगळे एकत्र पलीकडे जातील याची हमी तुम्हालाच सांभाळायची. रिपोर्टसाठी ट्रान्झॅक्शनल रेप्लिकेशन (निवडक टेबलांचे बदल पाठवणारं) किंवा सीडीसी, दोन्ही स्टँडर्डमध्ये चालतात. सीडीसी स्टँडर्डला २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आलं, त्याआधीचं व्हर्जन असेल तर हा विषय तिथेच संपला. डेबेझियम आणि काफ्का (बदल वाचून पुढे पोचवणारी सॉफ्टवेअर) वापरायचा मोह होईल, फुकट आहे आणि नाव मोठं आहे, पण एका कारखान्यासाठी काफ्का सांभाळणं म्हणजे तुमची झोप विकणं, पाच-सात क्लायंट झाले की मग बघा.

ट्रान्झॅक्शनल रेप्लिकेशनमध्ये प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येईल असा कॉलम) लागते. जुन्या देशी ईआरपींमध्ये निम्म्या टेबलांना ती नसते हे सही करण्याआधी तपासा, नंतर कळलं तर ईआरपीवाला म्हणेल आमच्या टेबलाला हात लावला तर सपोर्ट बंद, आणि मधल्या मध्ये तुम्ही. तोच ईआरपीवाला अपडेट देतो तेव्हा टेबलात नवीन कॉलम घालतो, आणि सीडीसी तो नवीन कॉलम आपणहून उचलत नाही, म्हणून अपडेटच्या आधी तुम्हाला कळवायचं हे करारात लिहून घ्या.

आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. सीडीसीनं लॉग वाचेपर्यंत एसक्यूएल सर्व्हर तो लॉग सोडत नाही. सांवेर रोडच्या एका कारखान्यात दिवाळीच्या सुट्टीत बिजली गेली, परत आली, सर्व्हर आपोआप चालू झाला, पण एसक्यूएलची एजंट सर्व्हिस, जी ठरलेली कामं आपोआप चालवते, ती कोणीतरी मॅन्युअलवर ठेवलेली होती, काही उठली नाही. मग सीडीसीचा जॉब बंद, लॉगचा बॅकअपही बंद, आणि मशीनवरचे आपोआप चालणारे हिशेब मात्र चालू. लॉग फुगत गेला, लाभपंचमीला मुहूर्ताचं पहिलं बिल करायला बसले तर एरर ९००२, लॉग भरला, डिस्क भरली, एकही बिल निघेना. रेप्लिकेशन आणलं होतं धंदा थांबू नये म्हणून, आणि धंदा त्यानंच थांबवला. पोस्टग्रेसमध्येही अगदी हाच प्रकार रेप्लिकेशन स्लॉटमुळे होतो, वाचणारा बंद पडला की वॉल साठत जातो, १३ व्या व्हर्जनपासून त्याला मर्यादा घालायची सेटिंग आहे ती घाला. तुमचं अलर्ट नुसतं 'रेप्लिकेशन बंद पडलं' एवढ्यावर नको, 'लॉगची फाइल एवढ्या जीबीच्या वर गेली' यावरही हवं, आणि ते सुट्टीच्या दिवशी कोणाच्या फोनवर वाजणार ते नावानिशी ठरलेलं हवं.

लायसन्सचं एक. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (लायसन्ससोबत घ्यायची मायक्रोसॉफ्टची जादा योजना) घेतलेलं असेल तर नुसती पडून असलेली दुसरी कॉपी वेगळ्या लायसन्सशिवाय ठेवता येते, पण त्याच कॉपीवर एक जरी रिपोर्ट चालवला की ती पडून असलेली राहत नाही, तिचं पूर्ण लायसन्स लागतं. मालकांना हे आधी सांगा, नाहीतर डॅशबोर्डची खरी किंमत ऑडिटवाला आल्यावर कळते. आणि पुढचा क्लायंट छोटा असला आणि फुकटच्या एक्सप्रेस एडिशनवर निघाला, तर तिथे एजंटच नसतो, लॉग शिपिंग नाही, रेप्लिकेशनमध्ये डेटा पाठवणारा (पब्लिशर) ही होता येत नाही, सरळ आख्ख्या मशीनचं रेप्लिकेशन करायचं.

प्रश्न : डिस्ट्रिब्युटरच्या पत्रकात 'झिरो डेटा लॉस' लिहिलंय. पलासियाला ऑफिस, डेटा मुंबईच्या क्लाउडला, ५० एमबीपीएसची लाइन. असं वचन मी गिऱ्हाइकाला देऊ का?

उत्तर : नाही. आता कारण सांगतो. शून्य नुकसान हवं असेल तर सिंक्रोनस रेप्लिकेशन लागतं, म्हणजे मुंबईकडून 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत इथलं बिल सेव्ह झालं असं धरायचंच नाही. प्रकाशाला फायबरमधून एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. इंदूर-मुंबई ६०० किलोमीटर धरा, जायला ३ मिलिसेकंद, यायला ३, हे निसर्गाचंच झालं, त्यात लाइन सरळ जात नाही आणि मधली उपकरणं आपापला वेळ खातात, म्हणून १० धरू. एका बिलाला काही कळणार नाही. पण महिनाअखेरीला ईआरपी दोन हजार छोट्या एंट्र्या एकामागून एक पोस्ट करतो तेव्हा २० सेकंद जास्त लागतात, आणि फोन तुम्हाला येतो.

याहून मोठी गोष्ट, लाइन तुटली तर काय? एसक्यूएल सर्व्हर मुद्दाम सांगून ठेवलं नसेल तर दुसऱ्या कॉपीला सोडून पुढे चालू लागतो, म्हणजे ज्या क्षणी वचनाची गरज त्या क्षणी ते वचन संपलेलं असतं. पोस्टग्रेस उलट, वाट बघत थांबतो, म्हणजे मुंबईची लाइन गेली म्हणून पलासियाचं बिलिंग बंद. दोन्हीपैकी काय हवं ते गिऱ्हाइकाला विचारा, सगळेच 'बिलिंग चालू राहू दे' म्हणतात, आणि मग झिरो म्हणायचं नाही, 'साधारण पाच मिनिटं, लाइन बंद असेल तर तेवढा वेळ जास्त' असं लिहायचं. एवढं खरं लिहिलेलं कोटेशन बघून गिऱ्हाईक पळत नाही, उलट बाकीच्यांची पत्रकं त्याला संशयास्पद वाटायला लागतात.

५० एमबीपीएस मात्र बहुतेकांना पुरून उरतं. डेटाबेस किती मोठा आहे ते विचारू नका, रोज किती बदलतो ते मोजा. १ एमबीपीएस दिवसभर चालला तर १०.८ जीबी जातात, आणि रोज दहा जीबी बदलणारा व्यापारी मला तरी सियागंजमध्ये भेटलेला नाही. पहिली कॉपी हीच काय ती जड असते, ५०० जीबी ५० एमबीपीएसनं पाठवायला लाइन पूर्ण तुमची असली तरी बावीस तास लागतात, त्याहून हार्ड डिस्क हातानं नेणं बरं. फक्त अपलोडचा वेग बघा, ब्रॉडबँडवाला डाउनलोडचा सांगतो. असली कामं रात्री सराफ्यात खाण्याची दुकानं लागतात तेव्हा सुरू करायची, लाइनही मोकळी आणि पोटाचीही सोय.

क्लाउड मुंबईचंच हवं असं नाही. ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून, गुगलचं मुंबई आणि दिल्ली. ज्यांचा कारखाना पिथमपुरात आणि ऑफिस शहरात आहे त्यांना तर मी आधी म्हणतो, एक कॉपी आपल्याच दुसऱ्या जागी ठेवा, पंचवीस-तीस किलोमीटर अंतर आहे, आगीपासून वाचवायला एवढं पुरतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळलं तेव्हा काही गिऱ्हाइकांच्या बॅकअप त्याच आवारात होत्या, दोन्ही गेल्या. क्लाउडमध्ये आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कोणत्या शहरात, कोणत्या इमारतीत, ते विचारा.

प्रश्न : मी टिळकनगरला सीए आहे. क्लायंट विचारतात हे सक्तीचं आहे का. आणि जो आयटीवाला ही सेवा देईल त्याच्यावर काय जबाबदारी येते?

उत्तर : सर, तुम्हाला नियम मी सांगावेत हे जरा उलटंच झालं, पण आयटीवाल्या वाचकांसाठी लिहितो. रेप्लिकेशन सक्तीचं नाही. पण कंपनीची वही इलेक्ट्रॉनिक असेल तर तिचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, हे ऑगस्ट २०२२ पासून 'रोज' झालं, आधी 'वेळोवेळी' होतं. हे कंपन्यांना, प्रोप्रायटरी आणि भागीदारी पेढ्यांना नाही. त्याच नियमात कंपनीनं सेवा देणाऱ्याचं नाव, आयपी ॲड्रेस, ठिकाण दरवर्षी रजिस्ट्रारला कळवायचं असतं, म्हणजे मित्रहो तुमचं नाव कागदावर जाणार आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणी काय बदललं याची नोंद) बंद न करता येणारा हवा. इथे एक खाच आहे, निवडक टेबलांचंच रेप्लिकेशन केलं आणि उद्या त्याच कॉपीवर काम सुरू करायची वेळ आली तर एडिट लॉगची टेबलं तिथे नसतात, आणि ऑडिटर म्हणून तुम्हाला रिपोर्टमध्ये ते लिहावं लागतं.

सायबर हल्ला झाला तर सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. त्यात मुख्य जबाबदारी ज्याचा धंदा त्याची, दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, आयटीवाला प्रोसेसर (दुसऱ्याच्या वतीनं डेटा हाताळणारा) म्हणून करारानं बांधलेला. कराराशिवाय काम करायचं नाही. आणि पेशंटनं किंवा ग्राहकानं माझी माहिती पुसा म्हटलं तर दुसऱ्या कॉपीतूनही आणि जुन्या बॅकअपमधूनही ती कधी जाईल ते ठरलेलं हवं, हॉस्पिटलवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

प्रश्न : टॅलीचं रेप्लिकेशन होतं का? (मल्हारगंज)

उत्तर : वर सांगितलं तसं लॉग वाचून होत नाही, टॅलीचा डेटा तिच्या स्वतःच्या फायलींमध्ये असतो. उघडी असलेली फोल्डर दर दहा मिनिटांनी कॉपी करणारे बहाद्दर आहेत, अर्धी लिहिलेली फाइल जाते आणि पलीकडे कंपनी उघडत नाही. टॅली ज्या व्हर्च्युअल मशीनवर चालते ते आख्खं मशीन रेप्लिकेट करा, नाहीतर दुपारच्या जेवणाला आणि रात्री असे दोन बॅकअप लावून द्या, बऱ्याच दुकानांना तेवढं पुरतं. जिथे पुरतं तिथे मोठी सेवा गळ्यात मारू नका, तोच सेठ पुढे दहा जणांना तुमचं नाव सांगतो, चांगलं किंवा वाईट.

प्रश्न : पैसे किती मागायचे? जीबीवर की सर्व्हरवर? आणि डेटा गेलाच तर माझं घर विकावं लागेल का? (रामबाग)

उत्तर : जीबीवर मागू नका, स्टोरेजचा भाव गिऱ्हाईक मोबाइलवर बघून घेतं. सर्व्हरवर किंवा डेटाबेसवर महिन्याचा आकडा ठरवा, आणि सुरुवातीची मांडणी वेगळी, एकदाच. तुमचा खर्च मांडताना लायसन्स, स्टोरेज, क्लाउडमधून डेटा बाहेर काढायचं भाडं, हे सगळं लोक मांडतात, माणसाचा वेळ मात्र विसरतात, आणि खरा खर्च तोच असतो. समजा एका क्लायंटला रोज दहा मिनिटं बघायला लागतात, महिन्याला पाच तास झाले, वर कॉपी उघडून दाखवायच्या तिमाही ड्रिलचा आख्खा दिवस. त्या मुलाचा तासाचा पगार लावून बघा, डिस्ट्रिब्युटरनं दाखवलेलं मार्जिन अर्धं झालेलं दिसेल. दहा क्लायंट झाल्यावर त्या दहा मिनिटांची दोन होतात, फायदा तिथे सुरू होतो. सुरुवातीला चाचणीसाठी मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडची साइट रिकव्हरी (आख्खं मशीन रेप्लिकेट करणारी सेवा) बघा, प्रत्येक मशीनला पहिले ३१ दिवस तिचं भाडं नसतं, स्टोरेजचं मात्र लागतं. विमसारख्या (Veeam) बॅकअप-सॉफ्टवेअरवाल्यांचं पार्टनर लायसन्स महिन्याच्या भाड्यानं असतं, म्हणजे गिऱ्हाइकानं तुमचे पैसे थकवले तरी तुम्हाला भाडं भरायचंच, म्हणून गिऱ्हाइकाकडून तिमाही आगाऊ घ्या.

थकवण्याचा विषय निघालाच आहे तर उद्यमची (सरकारची छोट्या उद्योगांची) नोंदणी सेवा म्हणून करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत तर देणाऱ्याला आयकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो. बिलावर उद्यमचा नंबर छापला की गिऱ्हाइकाचा सीएच तुमची वसुली करून देतो.

घर विकावं लागू नये म्हणून करारात मर्यादा घाला, नुकसानभरपाई मागच्या बारा महिन्यांच्या फीपेक्षा जास्त नाही असं सर्रास लिहितात, शिवाय प्रोफेशनल इन्डेम्निटीचा (कामातल्या चुकीमुळे द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा) विमा घ्या. पत्रकातलं '९९.९ टक्के वेळ चालू' हे वचन उतरवू नका, त्याचा अर्थ महिन्याला फक्त ४३ मिनिटं बंद, आणि तुमच्याकडे रात्री जागणारा माणूस नाहीये. कोणाच्या सांगण्यावरून दुसऱ्या सर्व्हरवर जायचं, त्या माणसाचं नाव आणि फोन करारात हवा. मालक परदेशात, मुलगा फोन उचलत नाही, मुनीम म्हणतो करून टाका, आणि तुम्ही करून टाकता, मग जुना सर्व्हरही चालू होतो आणि दोन्हीकडे बिलं फाटायला लागतात. ती दोन्हीकडची बिलं नंतर जुळवायला कोणतंही सॉफ्टवेअर येत नाही, ते हातानंच करावं लागतं.

प्रश्न : क्लायंट सोडून गेला तर त्याची कॉपी आमच्याकडे किती दिवस ठेवायची? (स्नेहनगर)

उत्तर : करारात तीस दिवस लिहा. जाताना त्याला पूर्ण डेटा साध्या, कुठेही उघडेल अशा स्वरूपात द्या, त्याची सही घ्या, जीएसटीचे रेकॉर्ड त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवणं ही त्याची जबाबदारी आहे हेही त्याच कागदावर लिहून द्या. तीस दिवसांनी पुसा आणि पुसल्याचं पत्र पाठवा. थकबाकी आहे म्हणून डेटा अडकवून ठेवू नका, पैशाची वसुली वेगळी करा.